ट्रान्झिटमध्ये आई

वालीवच्या ज्या गाळ्यात मी नोकरी करते तिथे ट्रान्झिट हा शब्द दिवसभर तोंडात असतो. आमच्याकडे पुठ्ठ्याची खोकी तयार होतात, ती ट्रकने देशभर जातात, आणि ती कुठपर्यंत आली हे गिऱ्हाइकांना फोनवर सांगणं हे माझं काम. गिऱ्हाईक तावातावाने बोलतं, मी स्क्रीनवर नंबर टाकते आणि सांगते, "माल ट्रान्झिटमध्ये आहे, सर." म्हणजे निघालाय, पोचला नाही, आणि या क्षणी नेमका कुठे आहे ते मलाही ठाऊक नाही. समोरचा मात्र लगेच निम्मा शांत होतो. आपल्याकडे इंग्रजी शब्दाला एवढा मान आहे.

आई स्वतः ट्रान्झिटमध्ये गेली तेव्हा त्या शब्दाचा खरा अर्थ मला कळला. तो कळला नसता तर बरं झालं असतं.

माझी थोरली बहीण आयर्लंडमध्ये नर्स होती. नवरा आमच्याच बाजूच्या गावचा, दोघं तिकडेच स्थायिक झालेले. मी आणि आई इथे गासला, नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, जिथे अजून थोडी भातशेती आणि आमची उरलीसुरली केळीची वाडी आहे. घरात आम्ही आईला आय म्हणतो. ताईचा आवाज लहानपणापासून खणखणीत. वाडीच्या पार टोकाला आमचं बावखल होतं, बावखल म्हणजे शिंपण्यासाठी खणलेलं तळं. आई तिथे कामात असायची आणि ताई मागच्या दारात उभी राहून "आऽऽय" अशी हाक मारायची. केळीच्या दहा ओळी ओलांडून ती हाक जायची. आई हातातलं टाकून यायची. मी हाक मारली की यायची नाही, कारण माझा आवाज म्हणे मांजरासारखा. यावरून मी कित्येकदा रुसलेली आहे.

ताईला कॅन्सर झाला. ती नर्स असल्यामुळे तिला सगळं आमच्या आधी कळलं आणि तिने ते आम्हाला सगळ्यात शेवटी सांगितलं. एके दिवशी फोनवर म्हणाली, "आयला पाठव. लवकर पाठव." तो आवाज ऐकून मला पहिल्यांदा भीती वाटली, कारण तो खणखणीत नव्हता.

आई तेव्हा सत्तरीच्या पुढे. पासपोर्ट होता, कारण ताईने तो कधीचाच काढायला लावला होता. व्हिसा आला. मला तिच्याबरोबर जायला व्हिसा मिळाला नाही. कारण त्यांनी छापील वाक्यात दिलं होतं, ते मी चार वेळा वाचलं आणि मला समजलं नाही. थेट विमान नव्हतंच. मधे एका शहरात विमान बदलायचं होतं. त्या शहराचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याच्यासारखी आता बरीच शहरं झालीत. ज्या देशांची भरभराट वर्तमानपत्रं कौतुकाने छापतात, तिथलं ते एक.

मग मी त्या विमानतळाची माहिती शोधायला बसले. मला चार साध्या गोष्टी हव्या होत्या. उतरल्यावर आईने डावीकडे जायचं की उजवीकडे? सामान पुन्हा घ्यावं लागतं का? दुसरं विमान त्याच इमारतीतून सुटतं का? आणि अडलंच तर विचारायचं कुणाला? माझं पोटच या कामावर चालतं, त्यामुळे मला वाटलं, हे तर चहा पिता पिता होईल.

त्यांची वेबसाइट बघून डोळे दिपले. काचेची प्रचंड इमारत, आत झाडं, धबधबा, पांढऱ्या कपड्यातले हसरे लोक. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, हे नियोजित टर्मिनलचं चित्र आहे. सध्याच्या टर्मिनलचं चित्र कुठेच नव्हतं. जे अजून उभं राहिलं नाही ते दिसत होतं, आणि जिथे आई उतरणार होती ते दिसत नव्हतं. ट्रान्झिट प्रवाशांसाठी वेगळं पान होतं. त्यावर आमच्या देशात तुमचं स्वागत आहे, आम्ही वेगाने वाढत आहोत आणि तुमच्या सोयीसाठी काम सुरू आहे, असं लिहिलं होतं. नकाशावर बोट ठेवलं की पान सापडत नाही असं यायचं. दुकानांचा नकाशा मात्र उघडायचा. अत्तर कुठे मिळतं, घड्याळं कुठे, चॉकलेट कुठे, हे मला आजही डोळे मिटून सांगता येईल.

वसई-विरारच्या माणसाला खरं तर याची सवय हवी. आमच्याकडे चौकाचौकात प्रस्तावित उड्डाणपुलाचे फलक आहेत, प्रस्तावित रुग्णालयाचे आहेत, प्रस्तावित उद्यानावर तर गुरं चरतात. आमचं बावखलही बुजलं आणि त्यावर एका इमारतीचं प्रस्तावित प्रवेशद्वार आलं, ते पुढे खरोखरच झालं. पण आपल्या गावात प्रस्तावित गोष्टीला वळसा घालून जाता येतं. परक्या मुलखात म्हातारीने कशाला वळसा घालायचा?

फोन लावला तर वाजंत्री ऐकू यायची, मग तीन भाषांत थांबा म्हणायचे, मग फोन कट. गप्पा मारणारं एक यंत्र होतं, त्याला लिहिलं, माझी आई एकटी येणार आहे, तिला इंग्रजी येत नाही, तिने काय करावं? ते म्हणालं, छान प्रश्न आहे, तुमच्या आईसाठी हॉटेल शोधू का? मी इतकी चिडले की त्याला मराठीत दोन शब्द सुनावले. त्याने त्याबद्दलही आभार मानले.

शेवटी गावातच विचारपूस केली. आमच्याकडे घरटी एकजण परदेशात आहे. जहाजावर जाणारा एकजण म्हणाला, काही नाही, बस मिळते, बसने दुसऱ्या टर्मिनलला जायचं. चर्चच्या क्वायरमधल्या बाईंच्या सुनेने सांगितलं, बस कुठली, आता आतल्या आत छोटी ट्रेन आहे. तिसरीने शपथेवर सांगितलं की चालतच जायचं असतं, मी तर गेले. तिघंही खरं बोलत होते. फक्त प्रत्येकजण वेगळ्या वर्षी गेला होता आणि दर वर्षी तो विमानतळ वेगळा होता. आईला मी ते तिन्ही पर्याय सांगितले. ती म्हणाली, "म्हंजे तुला कायच ठाव नाय." तिचं घरचं बोलणं मी इथे जरा सोपं करून लिहिते आहे, पण हे वाक्य जसंच्या तसं आहे.

व्हीलचेअर मागावी म्हणून मी हट्ट धरला. चाकाच्या खुर्चीत बसलं की विमानतळाचं माणूस थेट विमानाच्या दारापर्यंत नेऊन सोडतं, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे आणि धडधाकट म्हाताऱ्याही खुशाल बसतात. आई पेटलीच.

"आजारी पोरीला बघायला जातंय मी. आजारी होऊन जाऊ? खुर्चीत बसून गेली तर ती काय म्हनेल? आय पन मरायला टेकली?"

"अगं तिला कुठे दिसणार आहे? ती खुर्ची मधल्या विमानतळावर."

"देवाला दिसंल ना."

आईने देव मधे आणला की आमच्या घरात चर्चा संपते.

तिला एकच शंका होती आणि ती तिने पुन्हा पुन्हा विचारली. "माझं विमान निघताना मला हाक येईल ना?"

हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तिचं सगळं आयुष्य हाकेवर चाललं होतं. गावात कुणी गेलं की चर्चची मयताची घंटा सांगते. कुणाचं लग्न ठरलंय, कुठल्या आळीत रोझरीची प्रार्थना आहे, हे चर्चमधली मिस्सा संपताना फादर माईकवर सांगतात. मासळीवाली आळीच्या तोंडाशी ओरडते, पाण्याचा टँकर हॉर्न देतो, सेल लागला तर रिक्षा भोंगा लावून फिरते. आमच्या गावात न ओरडता काहीच होत नाही. आणि विमानतळावर हाक येते हे मी स्वतः मुंबईला ऐकलं होतं, ताईला सोडायला गेले होते तेव्हा, काही वर्षांपूर्वी. भावोजींनीही फोनवर सांगितलं, "मम्मी, माईकवर सांगतात. काळजी करू नका." तेही बरीच वर्षं इकडे आले नव्हते.

मग मी तिला विमानाचा नंबर शिकवला. दोन इंग्रजी अक्षरं आणि तीन आकडे. चुलीपाशी, वाडीत, झोपताना ती तो म्हणत राहायची, अगदी रोझरीच्या तालात. मी मधेच परीक्षा घ्यायची. वेगवेगळ्या उच्चारांत तो नंबर म्हणून दाखवायची, नाकातून, घाईघाईत, हिंदीवाल्यासारखा, गोऱ्यासारखा. ती दर वेळी ओळखायची. शेवटी शेवटी तर आम्ही दोघी हसलोसुद्धा. ताई आजारी पडल्यापासून घरात कुणी हसलं नव्हतं.

ताईने सुकेळी मागवली होती. आमच्या बाजूची ती वाळवलेली केळी, केळीच्याच सुक्या पानात बांधलेली. तिला घास गिळवत नव्हता. म्हणाली, नुसता वास घेईन. आईने ती पुडी हातातल्या पिशवीत ठेवली, मोठ्या सामानात नको म्हणाली.

मुंबईच्या विमानतळावर दारात मी तिला सोडलं. पोलिसाने मला पुढे जाऊ दिलं नाही. विमानात फोन बंद ठेवायचा, हे मी तिला दहादा बजावलं होतं. तिने माझ्यासमोरच बंद करून दाखवला आणि पदराखालच्या पिशवीत ठेवला. मागे वळून हात केला नाही. नंबर पुटपुटत होती बहुतेक.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले, घरी बसवेना म्हणून. स्क्रीनच्या एका कोपऱ्यात विमान दाखवणारं पान उघडं ठेवलं. पहिलं विमान त्या शहरात वेळेवर उतरलं. आईचा फोन लागेना, पण रोमिंगचं काही भरवशाचं नसतं, असं मी स्वतःला सांगितलं. दुसरं विमान वेळेवर सुटलं. पिवळं चिमुकलं विमान नकाशावर समुद्र, वाळवंट, डोंगर ओलांडत राहिलं आणि मी त्याच्याकडे बघत गिऱ्हाइकांना सांगत राहिले, सर, माल ट्रान्झिटमध्ये आहे. दुपारी ते उतरलं. मला इतकं हलकं वाटलं की मी शेजारणीला चहा पाजला.

मग भावोजींचा फोन आला. "मम्मी बाहेर आल्या नाहीत गं."

पुढचे तास मला नीट आठवत नाहीत, आठवायचेही नाहीत. विमान कंपनीचं म्हणणं, प्रवासी विमानात चढलेलाच नाही. मग कुठे आहे? ते विमानतळाला विचारा. विमानतळाची वाजंत्री मला आता पाठ होती. आमच्या गाळ्यातलं साधं रिकामं खोकं भिवंडीच्या गोडाऊनमध्ये पडून असलं तरी मला सापडतं, कारण त्याच्यावर पट्टी असते. आईवर पट्टी नव्हती. मी टेबलावर डोकं ठेवून मोठ्याने रडले आणि सगळा गाळा कामं सोडून बघत राहिला.

संध्याकाळी आईच्याच नंबरवरून फोन आला. केरळची कुणी बाई होती, ती शेजारी येऊन बसली होती, तिला ही म्हातारी फार वेळ एकाच जागी दिसली म्हणून तिने विचारलं, फोन चालू करून दिला. फोन आईकडे गेला.

"आय, कुठे आहेस तू? काय झालं?"

"इथंच हाय, बाय. बसलंय. पानी प्यायले." तिचा आवाज अगदी निवांत होता. "अजून हाक नाय आली."

ती डोळे मिटून बसली होती. पडद्यावरची अक्षरं पळत होती, दर घडीला भाषा बदलत होती, ते बघून तिला गरगरायला लागलं. मग तिने ठरवलं, बघण्यात अर्थ नाही, ऐकायचं. कान टवकारून, ओठांत नंबर घोळवत, सुकेळीची पुडी मांडीवर धरून. आजूबाजूला हजारो माणसं उठत होती, जात होती, आणि ती हलली नाही, हाक चुकेल म्हणून.

बाईने फोन घेतला. "दीदी, इधर अनाउन्समेंट होता ही नहीं. साइलेंट एअरपोर्ट है."

मला तो शब्द तेव्हा कळला. प्रवाशांना त्रास नको म्हणून आता मोठमोठे विमानतळ हाका मारत नाहीत. शांतता ही त्यांची श्रीमंती. गरिबाच्या स्टँडवर बोंबलायचं, श्रीमंताच्या विमानतळावर फक्त पडदे लावायचे. दुकानांचा नकाशा देणाऱ्यांनी हे एक वाक्य त्या पानावर कुठेच लिहिलं नव्हतं. कदाचित मुंबईतही आता तसंच असेल, मी चौकशी केली नाही. मला ती शांतता ऐकायची नाही.

पुढच्या विमानात जागा दुसऱ्या दिवशीची मिळाली. ती बाई आईला विमान कंपनीच्या खिडकीपाशी घेऊन गेली, तिकीट बदलून दिलं आणि मग तिचं विमान आलं म्हणून निघून गेली. आई रात्रभर खुर्चीत बसली. ताई त्या पहाटे गेली.

आई पोचली तेव्हा भावोजी तिला विमानतळावरून थेट हॉस्पिटलच्या खालच्या मजल्यावर घेऊन गेले. तिने सुकेळीची पुडी ताईच्या हातात ठेवली आणि ती तशीच तिच्याबरोबर गेली, माती तिकडेच झाली. मी ते सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं. मधे मधे चित्र अडकायचं आणि आई तोंड उघडं ठेवून थिजलेली दिसायची. ती खरंच तशी होती की चित्र अडकलं होतं, मला कळत नव्हतं.

परत येताना भावोजींनी न विचारता व्हीलचेअर सांगितली. आई त्यात बसली. मुंबईला बाहेर आली तेव्हाही खुर्चीतच होती, आणि उतर म्हटल्यावरसुद्धा लगेच उतरली नाही.

मी त्या विमानतळाला खरमरीत पत्र पाठवलं. उत्तर आलं. झाल्या गैरसोयीबद्दल त्यांना वाईट वाटलं होतं, आणि नव्या टर्मिनलमध्ये माझ्या आईचं स्वागत करायला ते उत्सुक होते.

एक गोष्ट भावोजींनी मला एकटीलाच सांगितली, फोनवर, थांबत थांबत. ते विमानतळावर आईची वाट बघत उभे होते त्या दुपारी ताईची शुद्ध हरपत होती आणि ती मोठ्याने ओरडत होती. "आय. आऽऽय." तोच जुना खणखणीत आवाज, कुठून आला कोण जाणे. तिथल्या आयरिश नर्सला वाटलं ती इंग्रजी बोलते आहे. आय, म्हणजे मी. ती बिचारी तिच्या तोंडाशी कान नेऊन विचारत राहिली, "हो, तू काय? सांग ना, तुला काय म्हणायचंय?" भावोजी परत आले तेव्हा ती डोळे पुसत म्हणाली, तुमच्या बायकोला काहीतरी सांगायचं होतं, पण पहिल्या शब्दापुढे वाक्य गेलंच नाही.

हे मी आईला सांगायचं नाही असं ठरवलं. ज्या हाकेला ती वाडीच्या टोकाहून धावत यायची, ती हाक मारली गेली आणि ती तेव्हा डोळे मिटून भलत्याच हाकेची वाट बघत होती, हे ऐकून ती कशी जगेल? माझ्याच्याने ते कळल्यापासून जगवत नाही.

आई आता मागच्या दारात बसते. समोर बावखल नाही, इमारतीची भिंत आहे. परवा आम्ही दोघी वाल सोलत होतो. ती मान वर न करता म्हणाली, "बाय, एक खरं सांग. जाताना तिने मला हाक मारली का?"

"नाही, आय," मी म्हटलं. "तिला शुद्धच नव्हती. शांत गेली."

आईने हातातला दाणा सालातून काढला, ताटलीत टाकला, पुढचा घेतला.

"म्हंजे," ती म्हणाली, "कोनीच नाय मारली."